ठाकूरद्वारचा पंखा

पोलीस स्टेशनमधून फोन आला तेव्हा रमाकांत परब फोर्टमधल्या ऑफिसच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये होता.

“रमाकांत परब का? तुमचा पंखा पडलाय आमच्याकडे. चौकशी संपली. घेऊन जा.”

“कधी येऊ?”

“कधीपण या. ओळखपत्र आणा.”

बरं म्हणून त्याने फोन खिशात टाकला. मोटरला ग्रीस भरायचं राहिलं होतं, ते भरलं. हात पुसले. खाली येऊन साहेबांना सांगितलं की आज जरा लवकर निघतो. कशासाठी, ते साहेबांनी विचारलं नाही. मार्चपासून त्याला कोणीच काही विचारत नसे.

मार्चमध्ये त्याचा धाकटा भाऊ राहुल गेला होता. याच पंख्याचा शॉक बसून.

लालबागच्या चाळीत परबांच्या दोन खोल्या. आई जाईबाई, राहुल, त्याची बायको अक्षदा, त्यांची मुलगी प्राची आणि रमाकांत. रमाकांतने लग्न केलं नव्हतं. त्यावरून एके काळी घरात बरंच बोलणं व्हायचं, मग ते थांबलं, आणि त्याच सुमारास घरात पंखे यायला लागले. पहिला आला तो त्याच्या ऑफिसातूनच. तिथे जुने सीलिंग फॅन उतरवून भंगारात टाकत होते. बिडाचा जड डबा, लाकडी पाती. त्यातला एक त्याने मागून घेतला, टॅक्सीने घरी आणला, कॉइल नव्याने भरली आणि गॅलरीतल्या हुकाला टांगला. तो असा फिरला की पात्यांचा आवाजसुद्धा नाही. शेजारपाजारचे लोक बघायला आले. त्यानंतर चोर बाजार, माहीमची जुनी घरं, पाडायला काढलेली एखादी इमारत, जिथून खबर येईल तिथे तो रविवारी जायचा. पोटमाळा भरला, मग कपाटावरची जागा भरली.

राहुलला त्यातलं तंत्र काही कळत नव्हतं, पण हौस दांडगी. तो लोअर परळच्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात होता. सुट्टीच्या दिवशी चिंच आणि राख घेऊन पितळेची पाती घासत बसायचा, फोटो काढायचा, इन्स्टाग्रामवर टाकायचा. “दादा, हे बघ, बंगलोरवरनं विचारतोय एक जण. तुला सांगतो, तू फेमस होणार.” विकायचं रमाकांतच्या मनात नसायचं. पण राहुलने मोबाइल पुढे धरला की तो चष्मा लावून बघायचा.

ठाकूरद्वारचा पंखा राहुलनेच शोधला. तिथल्या एका वाडीत कुणा डॉक्टरांचा दवाखाना कित्येक वर्षं बंद होता. मुलांनी जागा विकली, सामान बाहेर काढलं, त्यात हा टेबलफॅन. बिडाचं बूड, पितळेची पाती, पितळेची जाळी. चालू केला की डावीकडून उजवीकडे सावकाश मान फिरवायचा. रमाकांतने तो पुरा उघडला, धुतला, वायंडिंग भरलं, परत जोडला. साधी काळी वायर घातली. चालवून बघितला, मीटर लावून बघितला. सगळं ठीक होतं.

पुढच्या रविवारी राहुल आंघोळ करून ओल्या अंगाने मोरीतून बाहेर आला. फिरत्या पंख्याचं तोंड आपल्याकडे वळवायला त्याने जाळीला हात लावला, आणि तो हात सुटला नाही. घरात जाईबाई एकट्याच होत्या. अक्षदा प्राचीला घेऊन घोडपदेवला माहेरी गेली होती, रमाकांत केस कापायला. जाईबाईंचं ओरडणं ऐकून शेजारचे रघुवीरकाका धावत आले आणि त्यांनी बटण बंद केलं. तोवर उशीर झाला होता.

रमाकांत आला तेव्हा त्याने राहुलकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये त्याच्याबरोबर गेला. परत आला तोपर्यंत पोलीस पंखा पोत्यात घालून घेऊन गेले होते.

पंख्याच्या बॉडीत करंट उतरला होता, असं कागदावर आलं. अपघाती मृत्यू. पण पंखा कोणी दुरुस्त केला होता हे अख्ख्या चाळीला माहीत होतं. तोंडावर कोणी बोललं नाही. अक्षदाही नाही. तिने त्याच्याशी बोलणंच सोडलं. ताट वाढायची, पुढे सरकवायची, आत जायची. रमाकांत जेवायचा, कामावर जायचा, यायचा. तो रडला नाही. तेराव्याला नाही, नंतरही नाही. आपण रडत नाही हे त्याला कळत होतं, पण त्याचंही काही वाटत नव्हतं. पोटमाळ्यावरच्या पंख्यांवर त्याने जुनी चादर टाकली. मीच मारला, हे त्याला आता घरच्या पत्त्यासारखं पाठ झालं होतं. कोणी विचारलं असतं तर त्याने न अडखळता सांगितलं असतं.

पोलीस स्टेशनात त्याने सही केली, पोतं घेतलं आणि टॅक्सी केली. लालबागला मंडपाचे बांबू पडले होते, त्यामुळे टॅक्सीवाल्याने नाक्यावरच सोडलं. पोतं खांद्यावर घेऊन तो चाळीत आला. जिन्यात उभी असलेली माणसं बाजूला झाली.

जाईबाई दारात बसल्या होत्या. पोतं बघून त्या उठल्याच. “तो घरात घेवन येव नको.”

“गॅलरीत ठेवतो. भंगारवाल्याला देतो सकाळी.”

“नाही.” आतून अक्षदा बाहेर आली. हात पिठाचे होते. “द्यायचा नाही. आधी उघडा. माझ्यासमोर उघडा.”

इतक्या महिन्यांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती.

“काय बघायचंय तुला, अक्षदा?”

“कसा गेला ते. कागदात लिहिलंय ते मला कळत नाही. तुम्हाला कळतं ना? मग दाखवा मला.”

“अक्षदा, नको गो,” जाईबाई म्हणाल्या. “काय्येक नको बघूक.”

“आई, तुम्ही आत बसा.”

जाईबाई आत गेल्या नाहीत. दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

रमाकांतने गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं, हत्यारांची पेटी आणली. पोत्याचं लाखेचं सील तोडून पंखा बाहेर काढला. पितळ काळवंडलं होतं. वायर पंख्याच्या मानेभोवती गुंडाळलेली होती. ती सोडवायला त्याने हात घातला आणि थांबला.

ही त्याची वायर नव्हती. त्याने काळी घातली होती. ही वरून सुती धागा विणलेली, सोनेरी. जुन्या पंख्यांना असायची तशी, पण नवी कोरी.

त्याने वायर मानेवरून सोडवली. पंखा आडवा केला, बुडाचे स्क्रू काढले, पत्रा उचलला. वायर जिथून आत शिरते त्या भोकात तो नेहमी रबरी बुश बसवायचा, म्हणजे बिडाची धार वायरला लागत नाही. आणि आतल्या बाजूने वायरला गाठ मारायचा, म्हणजे बाहेरून कोणी खेचलं तरी झटका आत पोचत नाही. इथे बुश नव्हतं. सोनेरी वायर जाड, ती बुशातून गेली नसणार, म्हणून काढून टाकलेलं. गाठही नव्हती. जाड वायर भोकातून जोराने खेचून घेताना बिडाच्या धारेवर सोलली होती, आणि पंखा फिरताना थरथरून आणखी घासली होती. तिथे धागा फाटला होता, आतलं प्लास्टिक कापलं होतं आणि तांबं उघडं पडून बिडाला टेकलं होतं. एवढासा काळा डाग होता.

राहुलने वायर बदलली होती. फोटोत काळी वायर चांगली दिसत नाही, असं तो एकदा म्हणाला होता. रमाकांतने तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. अपघाताच्या आदल्या दिवशी, शनिवारी, रमाकांत सेकंड शिफ्ट करून रात्री उशिरा आला होता, घरी राहुल होता. एकट्याने बसून बदलली असणार. दादाला सरप्राइज.

म्हणजे मी नाही, असं रमाकांतच्या मनात आलं. त्याने वाट पाहिली. छातीवरचं काहीतरी उतरेल असं त्याला वाटलं. काही उतरलं नाही. हातात स्क्रू ड्रायव्हर होता, समोर काळा डाग होता, आणि खाली रस्त्यावर मंडपवाले एकमेकांना हाका मारत होते.

“ही वायर,” अक्षदा म्हणाली.

तिचा आवाज बदलला होता. ती खाली बसली आणि तिने वायरचं मोकळं टोक हातात घेतलं.

“ही मी घेतली. लोहार चाळीतल्या वायरींच्या दुकानात. राहुलला तपकिरी घ्यायची होती, मी म्हटलं सोनेरी घे, पितळेला उठून दिसेल. मीच निवडली ही.” ती वायरकडे बघत होती. “त्याने बसवली का ही? त्याने स्वतः?”

रमाकांतने तिच्याकडे पाहिलं. तिच्या बोटांना लागलेलं पीठ वायरवर लागत होतं.

“नाही,” तो म्हणाला. “त्याने आणून दिली. बसवली मी.”

“तुम्ही?”

“हो. वायर चांगली आहे. वायरचा काही प्रश्न नव्हता. इथे एक रबर घालावं लागतं, ते मी घातलं नाही.”

“का नाही घातलं?”

“राहून गेलं.”

“राहून गेलं?” अक्षदा उभी राहिली. “लिफ्टला तेल द्यायचं राहून जातं का तुमचं? साहेबाच्या एसीचं काही राहून जातं? तो म्हणायचा, दादाने हात लावलाय ना, मग डोळे मिटून बटण दाबायचं. त्याने डोळे मिटूनच हात लावला असेल, दादा! आणि तुम्ही म्हणता राहून गेलं?”

आजूबाजूच्या दारांत माणसं आली होती. ती बोलत राहिली, इतक्या महिन्यांचं सगळं बोलली. तिला न विचारता पंखे घरात आणले ते, प्राचीला झोपायला जागा उरली नाही ते, तो रडला नाही ते. “भाऊ गेला तुमचा, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी डबा विचारला मला!” रमाकांत मान खाली घालून ऐकत होता. त्याने डबा विचारला होता, ते खरं होतं. कसा विचारला ते मात्र त्याला आठवत नव्हतं.

जाईबाई चौकट धरून तशाच उभ्या होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

आठवडाभरात अक्षदा प्राचीला घेऊन घोडपदेवला गेली. तिथे तिचे आईवडील होते, जवळच एका दवाखान्यात रिसेप्शनला जागा होती. रमाकांतने बॅगा खाली उतरवून दिल्या. प्राचीने टॅक्सीतून हात हलवला. अक्षदा समोर बघत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने सुट्टी घेतली आणि गॅलरीत बसून पंखा सुटा करायला घेतला. अख्खा कोणाला द्यायचा नाही, एवढंच ठरवलं होतं. जाळी काढली, पाती काढली, पितळ एका बाजूला, बीड एका बाजूला. कॉइलचं तांबं उलगडून त्याचं वेटोळं केलं. ते वायंडिंग त्यानेच भरलं होतं, एकेक वेढा हाताने. आता तेच वेढे उलटे सोडवत होता. काम व्यवस्थित चाललं होतं.

जाईबाई चहा घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. तांब्याच्या वेटोळ्याकडे बघत राहिल्या.

“माका म्हायत होता,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“वायर राहुलान घातली ता. शनवारी हयच बसान पंखो खोललेलो त्याना. माका म्हणालो, आये, दादाक सांगू नको हा. मी आपली भाजी निवडी होतंय.”

रमाकांतचा हात थांबला.

“आणि तू बोलली नाहीस. इतके महिने?”

“नाय.”

“मला वाटत होतं मी मारलं त्याला. तू बघत होतीस ना मला?”

जाईबाईंनी पदराने तोंड पुसलं. त्यांचे डोळे कोरडे होते. “मेल्या पोराक कोण येडो म्हणात, स्वतःच्या हातान मेलो म्हणात, ता माका नको होता. पोरगी आसा त्येची. उद्या तिका लोक सांगतले.” मग म्हणाल्या, “तो गेलो. तू आसस. तू सोसशीत.”

रमाकांतने यावर विचार केला. आईचा राग यायला हवा, असं त्याला वाटलं. पण त्या दिवशी अक्षदासमोर त्याने तरी वेगळं काय केलं होतं?

“चहा निवतो,” जाईबाई म्हणाल्या.

त्याने चहा घेतला. दुपारी भंगारवाला आला आणि बीड, पितळ, तांबं वेगवेगळं घेऊन गेला. सोनेरी वायर रमाकांतने कात्रीने तुकडे करून कचऱ्यात टाकली. संध्याकाळी तो खाली मंडळाच्या मंडपात गेला. तिथल्या लायटिंगचं काम दर वर्षी त्याच्याकडे असे, पण यंदा मुलांनी बाहेरचा माणूस बोलावला होता. थोडा वेळ उभा राहून तो परत आला.

दिवाळी झाली. परबांकडे त्या वर्षी कंदील लावला नाही. नोव्हेंबर लागला तरी उकाडा होता, आणि एका दुपारी अक्षदाचा फोन आला.

“दादा, बाबांच्या खोलीतला सीलिंग फॅन बंद पडलाय. ते अंथरुणाला खिळलेत, त्यांना पंख्याशिवाय होत नाही. इथला इलेक्ट्रिशियन दोन दिवस येतो येतो करतोय.” मग ती थांबली. “तुम्ही याल का?”

“येतो.”

तो सुटल्यावर घोडपदेवला गेला. वाटेत त्याने पंख्याचा एक कंडेन्सर आणि आणखी एक खोकं विकत घेऊन हत्यारांच्या पिशवीत टाकलं. अक्षदाचे वडील सीताराम चव्हाण खाटेवर पडून होते. त्यांनी हात वर करून नमस्कार केला. खोलीत दमट गरम वास होता. अक्षदाने स्टूल आणून ठेवलं, मेन स्विच बंद केला आणि त्या स्विचपाशीच उभी राहिली, कोणी चुकून चालू करू नये म्हणून. तिचा हात स्विचच्या झाकणावर होता. काम होईपर्यंत तिने तो तिथून काढला नाही.

कंडेन्सरच गेला होता. रमाकांतने नवा लावला. वरच्या पत्र्याच्या वाटीची कड लागून बोट कापलं, ते त्याने पँटला पुसलं. खाली उतरून खोकं उघडलं.

“हे काय?” अक्षदाने विचारलं.

“ईएलसीबी. कुठे करंट गळायला लागला, कोणाला शॉक बसला, तर क्षणात लाइन तोडतो. मेनजवळ बसवून देतो.”

तो बसवत असताना ती बघत होती. चाचणीचं बटण दाबलं, खटकन आवाज झाला, घरातले सगळे दिवे गेले. परत चालू केले. पंखा फिरायला लागला. सीतारामांनी डोळे मिटून घेतले.

अक्षदाने त्याला बाहेरच्या खोलीत चहा दिला आणि समोर बसली.

“हे आपल्या घरी होतं?”

“नव्हतं.” रमाकांतने कप खाली ठेवला. “आणून बसवायचं होतं. दुसऱ्यांकडे बसवत फिरलो. आता आपल्याकडेही लावलंय.”

“असतं तर?”

“तर नुसता झटका बसला असता.”

तिने आतल्या खोलीतल्या फिरत्या पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “वायर तुम्ही नव्हती बसवली.”

रमाकांतने वर पाहिलं.

“मला इथे आल्यावर दोन-तीन दिवसांत कळलं. राहुल तुमची नक्कल करायचा, आठवतं? चष्मा नाकावर घेऊन, वायरला गाठ मारून, ‘हिला तीन वेळा खेचून बघ.’ सगळे हसायचो आम्ही. त्या दिवशी आत गाठही नव्हती. तुम्ही गाठ विसराल आणि रबरही विसराल, असं होणार नाही.” तिने साडीची कड बोटांत धरली होती. “पण तुमच्यावर रागावणं सोपं होतं. त्याच्यावर कसं रागवायचं? आणि माझ्यावर...”

“तू वायरचा रंग निवडलास,” रमाकांत म्हणाला. “बस, एवढंच.”

“खोटं का बोललात?”

“ठाऊक नाही. तोंडातून गेलं.”

“आता हे, हे यंत्र नव्हतं म्हणालात, हेपण तसंच?”

“नाही. हे खरं आहे. हे माझं आहे.”

अक्षदाने मान हलवली. “हो,” ती म्हणाली. “हे तुमचं आहे.”

तिने ते रागाने म्हटलं नाही. तिने कप उचलले, मोरीत ठेवले. आतून सीतारामांच्या घोरण्याचा आवाज येत होता.

“मी परत यायची नाही, दादा. इथे बरं आहे. दवाखाना जवळ आहे, बाबांचंपण बघायला होतं.”

“बरं.”

“पण प्राचीला आजीकडे यायचंय. सारखी विचारते. शनिवारी तिची शाळा लवकर सुटते. तुम्ही न्यायला याल?”

“येतो. रविवारी संध्याकाळी आणून सोडतो.”

“तिला काय सांगायचं ते मी बघेन. मोठी झाली की. तुम्ही काही सांगू नका.”

“नाही सांगणार.”

तो जिना उतरून रस्त्यावर आला. बसथांब्यावर दोन बायका आणि एक म्हातारा उभा होता. पिशवी खांद्यावर नीट करताना त्याचं बोट झोंबलं. त्याने बघितलं तर कापलं होतं ते बरंच खोल होतं, रक्त वाळून पँटला डाग पडला होता. समोरच्या मेडिकलमधून त्याने पट्टी घेतली आणि तिथेच उभा राहून लावली. पट्टी लावताना आणखी दुखलं, तेव्हा तो “आई गं” म्हणाला, मोठ्याने, आणि दुकानदाराने वर पाहिलं.

“काय झालं, काका?”

“काही नाही. लागलंय.”

बस आली. त्याने दुसऱ्या हाताने दांडा धरला आणि चढला.